जुन्या मारुती ८००चा लाइट स्विच आणि त्याचे भाऊबंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी ८०० १९९६ची, कार्ब्युरेटरवाली. पहिले मालक वडील, दुसरा मी. तिच्या स्टीअरिंगखालचा लाइट-इंडिकेटरचा स्विच मी आजवर तीनदा उघडलाय. पहिल्यांदा नाइलाज म्हणून, दुसऱ्यांदा पहिल्या वेळचा घोळ निस्तरायला आणि तिसऱ्यांदा नीट. तेव्हापासून ओळखीचे लोक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. उदाहरणं बहुतेक ८००ची आहेत, पण ओम्नी, झेन, पद्मिनी, अ‍ॅम्बॅसडर यांपैकी काहीही दारात उभं असलं तरी वीज तीच आणि तिचे नखरेही तेच.

हेडलाइट लागत नाही. म्हणजे स्विचच गेला ना?

असेलही, पण स्विचवर आळ सगळ्यात शेवटी घ्यायचा. तो उघडायला स्टीअरिंग काढावं लागतं. बल्ब बघायला फक्त बॉनेट उघडावं लागतं. आधी सोपं ते बघा.

एकच बाजू बंद असेल तर स्विचचा दोष जवळजवळ नाहीच. त्या बाजूचा बल्ब, होल्डर, फ्यूज किंवा अर्थिंग (बॉडीकडे जाणारी मायनसची जोडणी) बघा. दोन्ही बाजूंचा डिपर (जवळचा, खालचा झोत) बंद आणि अप्पर (लांबचा झोत) चालू, किंवा त्याच्या उलट, असं असेल तर मात्र संशय दांडीवर, म्हणजे स्टीअरिंगखालच्या याच स्विचवर जातो, कारण दोन्ही डिपर एकाच वेळी उडणं हा योगायोग विरळा. दांडी हाताने किंचित वर-खाली दाबून धरली की दिवे लागतात आणि सोडली की जातात, असं होत असेल तर पुढे शोधायला नको. कॉन्टॅक्ट गेलेत.

आणखी एक खूण म्हणजे वास. जळक्या प्लॅस्टिकचा किंचित गोडसर, नाकात बसणारा वास स्टीअरिंगच्या आवरणातून येत असेल तर त्या रात्री गाडी चालवू नका.

तपासायला काय काय लागतं?

एक टेस्ट लॅम्प, एक साधा मल्टिमीटर आणि दीड-दोन मीटर वायर, जिच्या दोन्ही टोकांना चिमटे आहेत. एवढंच. टेस्ट लॅम्प घरीही होतो: इंडिकेटरचा जुना बल्ब, त्याला दोन वायरी, एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला जाड सुई.

मल्टिमीटर असताना हा गावठी दिवा कशाला, असं वाटेल. कारण मल्टिमीटर फसवतो. सडलेल्या वायरची एकच तार शिल्लक असली तरी तो ऐटीत १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला स्वतःला करंट लागतच नाही. दिव्याला लागतो. तारेत दम नसेल तर दिवा मिणमिणतो आणि खरं काय ते कळतं. मल्टिमीटरचा खरा उपयोग पुढच्या उत्तरात आहे.

दिवे लागतात, पण पिवळे आणि मंद. बॅटरी नवीन आहे. मग काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक लोक जास्त वॅटचे बल्ब टाकून त्याचं ‘उत्तर’ काढतात. ते करण्याआधी दहा मिनिटं खर्च करा.

इंजिन चालू, हेडलाइट चालू. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर आणि काळं टोक बल्बच्या मागच्या सप्लायच्या टर्मिनलला, कनेक्टर लावलेला असतानाच, मागून टेकवा. येईल तो आकडा म्हणजे वाटेत गळालेले व्होल्ट. मग तसंच बल्बच्या अर्थची बाजू आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मोजा. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग उत्तम. एक व्होल्टच्या वर गेलं तर कुठेतरी गळती आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत दीड-दोन व्होल्ट निघाले तरी दचकू नका.

दीड व्होल्टने काय होतंय, असं म्हणू नका. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की प्रकाश जवळजवळ तीस टक्के जातो. म्हणजे १३.५ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले तर तुम्ही एक तृतीयांश उजेड गमावून बसलात, तोही एक पैशाचा बल्ब खराब नसताना.

गळती कुठे आहे ते शोधायला मल्टिमीटरची टोकं एकेका जोडावर सरकवत न्या: फ्यूजच्या दोन बाजू, स्विचच्या दोन बाजू, अर्थचा बोल्ट. जिथे आकडा उडी मारतो तिथे आजार. एकट्या स्विचच्या दोन पायांमध्ये ०.२ व्होल्टहून जास्त दिसलं तर तो उघडायची वेळ झाली.

पण स्विच जळतो कशामुळे? त्यात जळण्यासारखं आहे तरी काय?

इथे जरा थांबू, कारण हे समजलं नाही तर नवा स्विचही वर्ष-दोन वर्षांत जाईल. माझा गेला होता.

एच-४ प्रकारचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. अप्परला दोन बल्बचे १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर १० अ‍ॅम्पियर. आजच्या गाड्यांत एवढा करंट रिले, म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर चालणारा मोठ्या करंटचा वेगळा स्विच सांभाळतो आणि दांडीतला स्विच फक्त रिलेला हुकूम देतो. जुन्या ८००सारख्या साध्या गाड्यांत तो अख्खा करंट दांडीतल्या पितळी टिकल्यांमधून जातो. मसुरीच्या डाळीएवढ्या टिकल्या, आणि त्यांवर हा भार वर्षानुवर्षं.

टिकली नवी असते तोवर करंटला तिचा विरोध (रेझिस्टन्स) नगण्य असतो. मग धूळ, दमट हवा आणि दर वेळी स्विच तोडताना उडणारी बारीक ठिणगी यांनी ती कळकते. कल्हई गेलेलं पितळी भांडं कळकतं तशीच. समजा विरोध वाढून ०.१ ओहम झाला. आकडा किरकोळ दिसतो. पण १० अ‍ॅम्पियर गुणिले ०.१ म्हणजे एक व्होल्ट तिथेच गळाला, आणि एक व्होल्ट गुणिले १० अ‍ॅम्पियर म्हणजे १० वॅट उष्णता त्या मसुरीच्या डाळीवर. डाख द्यायचं छोटं सोल्डरिंग आयर्न पंधरा-वीस वॅटचं असतं, यावरून कल्पना करा.

पुढचं चक्र आपोआप फिरतं. उष्णतेने पितळ अजून काळं पडतं, विरोध वाढतो, उष्णता वाढते. पितळी पट्टीचा ताण जातो, ती सैल दाबते, विरोध अजून वाढतो. शेवटी शेजारचं प्लॅस्टिक वितळतं आणि टिकली आपल्या जागेवरून सरकते.

माझ्या गाडीत ती रात्री नऊच्या सुमाराला, पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात सरकली. अप्परवरून डिपरवर आलो आणि समोर काळोख. वळण समोर, मागे ट्रक. दांडी मध्येच अर्धवट धरली तर डिपर लागत होता, म्हणून उरलेला घाट मी एका हाताने स्टीअरिंग आणि दुसऱ्या हाताने दांडी धरून उतरलो. गिअर बदलायला शेजारी बसलेला मेव्हणा. तो अजूनही प्रत्येक लग्नात हा किस्सा सांगतो, आणि दर वेळी घाट थोडा लांबतो.

१००/९० वॅटचे बल्ब टाकले तर?

रिले नसताना? दोन बल्बचे २०० वॅट, म्हणजे साडेसोळा अ‍ॅम्पियरहून जास्त. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे मूळच्या पावणेतीन पट. माझा पहिला स्विच असाच गेला. दुकानदाराने बल्ब दिले आणि मी आनंदाने लावले, चूक दोघांची. शिवाय समोरच्याच्या डोळ्यांत सर्चलाइट मारणं हे कायद्यातही बसत नाही आणि माणुसकीतही.

ब्रेक दाबला की इंडिकेटरचा दिवा मंद पेटतो. भुताटकी आहे का?

अर्थिंग आहे. गाडीत मायनसची वायर बहुतेक वेळा बॉडीच असते. मागच्या दिव्यांच्या गटाचा अर्थ गंजला की करंट घरी जायला दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट शेजारच्या बल्बमधून जाते. चिमट्याच्या वायरने बॅटरीचा मायनस, किंवा बॉडीचा घासून चकचकीत केलेला एखादा बोल्ट, त्या होल्डरच्या अर्थला जोडून बघा. भूत पळालं तर अर्थचा बोल्ट काढा, खालचा रंग-गंज खरवडा, घट्ट बसवा आणि वरून थोडं ग्रीस चोपडा. कोकणपट्टीतल्या गाड्यांना हे दर पावसाळ्यानंतर करावं लागलं तरी आश्चर्य नको. खारी हवा लोखंडाला सोडत नाही.

स्विच काढण्याआधी काय काळजी घ्यायची?

पहिली गोष्ट म्हणजे बॅटरीचा मायनस काढा. दहाचा पाना पुरतो. हे न करता आवरणात पेचकस घालणाऱ्यांचा फ्यूज उडतो, किंवा फ्यूजच्या आधीची वायर जळते, जे जास्त वाईट.

गाडीत एअरबॅग असेल तर इथेच थांबा. जुन्या ८००त ती नाही, पण नंतरच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत आहे. एअरबॅगचं स्टीअरिंग ओट्यावर बसून शिकायची गोष्ट नाही. जाणकाराकडे जा.

एअरबॅग नसेल तर चाकं सरळ करा. हॉर्नचं मधलं बटण काढलं की खाली मोठं नट दिसतं. नट सोडण्याआधी स्टीअरिंग आणि दांडा या दोन्हींवर नेलपॉलिशने एक रेघ ओढा, म्हणजे परत बसवताना स्टीअरिंग वाकडं लागणार नाही. नट पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे राहू द्या. मग दोन्ही हातांनी स्टीअरिंग डावं-उजवं हलवत स्वतःकडे ओढा. नट पूर्ण काढून ओढलं की ते एकदम निघतं आणि सरळ दातांवर येतं. हे ऐकीव नाही. आणि काही झालं तरी दांड्यावर हातोडा मारू नका.

खालच्या आवरणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात. कागदावर आवरणाचं चित्र काढून त्या त्या जागी स्क्रू टोचून ठेवा. वायरचे प्लग खिळ दाबून काढायचे, वायर ओढून नाही. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. परत जोडताना या फोटोंइतकी उपयोगी चीज दुसरी नाही.

स्विच हातात आला. उघडू कसा?

आधी उघडूच नका. मागचा कनेक्टर बघा. निम्म्या वेळा रोग तिथेच असतो: एकच पिन तपकिरी झालेली, तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक फुगलेलं. तसं असेल तर त्याचं उत्तर खाली वेगळं दिलंय.

कनेक्टर स्वच्छ असेल तर मोठी परात घ्या. तिच्यात जुना पंचा अंथरा आणि स्विच त्यावर उघडा. आत पेनातल्यासारख्या बारीक स्प्रिंगा आणि सायकलच्या छऱ्यांहून लहान पोलादी गोट्या असतात. झाकण उघडताक्षणी त्यांना मोकळ्या जगाची ओढ लागते. फरशीवर पडलेली गोटी सापडत नाही. पंचावर पडलेली सापडते. मी पहिल्यांदा गाडीत बसूनच उघडला होता. ती गोटी बहुधा अजूनही सीटखाली आहे.

काही स्विचांना खाचा असतात, त्या पातळ पेचकसाने एकेक करून सोडवाव्या लागतात. काहींना रिबिट असतं. ते बारीक ड्रिलने काढून पुन्हा छोट्या स्क्रू-नटने बसवता येतं, पण स्क्रूचं डोकं आतल्या कुठल्या पट्टीला लागत नाही ना, ते बघा.

आत सगळं काळं आणि चिकट आहे. कशाने साफ करू?

ते चिकट म्हणजे मूळचं ग्रीस, वर्षानुवर्षांच्या धुळीने घट्ट झालेलं. जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन्ही सहज मिळतं.

पेट्रोल नको. वाफ पेटते, आणि काही प्लॅस्टिक त्यात फुगतं. गंजावर मारायचा तेलकट स्प्रे बऱ्याच घरी असतो; त्याने तात्पुरतं चालू होईल, पण मागे राहणारा तेलाचा थर धूळ धरतो.

टिकल्या घासायला आधी खोडरबर वापरा. खरंच. शाळेच्या दप्तरातलं. पितळ चकचकीत होतं आणि झिजत नाही. खड्डे पडले असतील तर हजार नंबरच्या पुढचा पॉलिश पेपर, हलक्या हाताने. भिंतीचा पॉलिश पेपर लावला तर टिकलीवरचा पातळ मुलामा निघून जाईल आणि ती आधीपेक्षा लवकर कळकेल.

पट्टीचा रंग बघायला विसरू नका. सोनेरी पितळ निळसर-जांभळं झालं असेल तर ते भाजलेलं आहे. त्याचा ताण गेला. कितीही चकचकीत करा, ते दाबणार नाही आणि पुन्हा तापेल. अशा स्विचवर वेळ घालवू नका, नवा आणा. ताण थोडासाच कमी झाला असेल तर पट्टी केसभर वाकवून बघता येते. एकदाच. दुसऱ्यांदा तुटते.

शेवटी ग्रीस. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासतं तिथे आणि गोटीच्या खाचेत, अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढं. टिकल्यांवर थापू नका. ठिणगीने ते जळतं आणि कोळसा होतो.

कनेक्टरची एक पिन जळली आहे. अख्खं हार्नेस (वायरिंगचा जुडगा) बदलायचं का?

नाही हो. जळलेली वायर लख्ख तांबं दिसेपर्यंत मागे कापा. आतलं तांबं काळं असेल तर अजून मागे. तिला नवा चपटा लग (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) पक्कडने नीट दाबून लावा आणि स्लीव्ह चढवा. तो लग स्विचच्या पिनवर थेट बसवायचा. बाकीचा कनेक्टर जसाच्या तसा. वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो आणि मग तोच प्रश्न घेऊन तुम्ही परत येता.

नवा स्विच कुठे मिळेल? डुप्लिकेट चालतो का?

मारुती ८००चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण रस्त्यावर गाड्या इतक्या आहेत की सुटे भाग अजून मिळतात. पद्मिनीचं तसं नाही. तिच्यासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा पुण्याचा मंगळवार पेठेतला जुना बाजार पालथा घालावा लागतो. गाडी कुर्ल्यातच बनायची, त्यामुळे कुर्ल्यात तिचे अवशेष सापडणं यात एक न्याय आहे.

दुकानात जुना स्विच घेऊनच जा. तोंडी वर्णनावर आणलेला स्विच कार्ब्युरेटरच्या मॉडेलचा की नंतरच्या मॉडेलचा, वायपरच्या किती वेगांचा, प्लगचे पाय किती, यात चुकतोच. डुप्लिकेटची परीक्षा काउंटरवरच करा. मल्टिमीटर बीपवर ठेवून दांडी वीसेक वेळा हलवा. प्रत्येक वेळी बीप स्वच्छ यायला हवी. दांडीचा ‘टक’ असा ठाम आवाज यायला हवा. मऊ, भिजल्यासारखा वाटला तर परत करा. रिले लावणार असाल तर बऱ्यापैकी डुप्लिकेटही वर्षानुवर्षं चालतो, कारण मग त्याला काम असं उरत नाही.

रिले लावायचा म्हणजे नेमकं काय?

स्विचला हमाली करायला लावायची नाही, फक्त मुकादमी द्यायची. भार उचलणारा रिले.

अप्परला एक, डिपरला एक, असे दोन रिले लागतात. प्रत्येकावर चार पाय असतात आणि आकडे छापलेले असतात. ३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून थेट जाड वायर, २.५ चौरस मिलिमीटरची, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरातच १५ किंवा २० अ‍ॅम्पियरचा फ्यूज. ८७ वरून बल्बकडे. ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोकं: एकाला आधी बल्बकडे जाणारी जुनी वायर, दुसऱ्याला अर्थ. कॉइल अ‍ॅम्पियरच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास खाते. म्हणजे जो स्विच १० अ‍ॅम्पियर वाहत होता, त्याच्यावर आता नावापुरता भार.

एक सापळा आहे. काही गाड्यांत, विशेषतः जपानी रचनेच्या, स्विच प्लस तोडत नाही, अर्थ तोडतो. बल्बला प्लस कायम हजर असतो आणि दांडी फक्त मायनस जोडते. आधी टेस्ट लॅम्प लावून बघा: हेडलाइट चालू ठेवून दांडी अप्परवर असो वा डिपरवर, अप्पर-डिपर दोन्हींना सामाईक असलेल्या बल्बच्या पिनला नेहमी प्लस येतो का? येत असेल तर वरची साधी जोडणी चालणार नाही. कॉइलच्या एका टोकाला तोच प्लस द्यायचा आणि दुसरं टोक दांडीच्या वायरला. बल्बच्या बाजूचा कनेक्टरही मग नव्याने करावा लागतो. हे कागदावर काढून समजत नसेल तर वायरमनकडून करून घ्या.

रिले बॉनेटखाली लावताना पाय खाली आणि पाठ वर ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत साचणार नाही. फ्यूजशिवाय वायर ओढणाऱ्याला मात्र स्पष्ट नकार द्या. बॅटरीवरून थेट आलेली वायर कुठे घासली तर ती विझवायला मध्ये काहीच नसतं.

त्यापेक्षा एलईडी बल्ब टाकला तर करंटच कमी होईल ना?

होईल. पण हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा प्रकाश नेमका पडत नाही, फाकतो. तुम्हाला पांढरं दिसतं, समोरच्याला काहीच दिसत नाही. माझं मत विरोधात आहे.

इंडिकेटर चालत नाहीत, पण हॅझर्डचे चारही दिवे लुकलुकतात. दांडी बदलू?

थांबा. कितीतरी गाड्यांत इंडिकेटरचा सप्लाय हॅझर्डच्या बटणातून फिरून येतो. हॅझर्ड बंद असताना जो कॉन्टॅक्ट जोडलेला असायला हवा, तोच वापर नसल्याने कळकतो. हॅझर्डचं बटण पंचवीस-तीस वेळा दाबा-सोडा. बऱ्याचदा तेवढ्यावर इंडिकेटर जिवंत होतात. फुकटातला इलाज, आणि यावर लोकांनी दांडीचे अख्खे संच बदललेले मी पाहिलेत.

एकाच बाजूला भराभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय. स्विचचा संबंध नाही.

सकाळी बॅटरी मेलेली असते. शेजारी म्हणतात रात्री मागे लाल दिवा चालू होता.

ब्रेकचा स्विच. पेडलवर, जिथे स्विचचा दांडा टेकतो तिथे, रबराचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा गोळा असतो. वीस वर्षांनी त्याचा भुगा होतो, दांडा मोकळ्या भोकातून बाहेर येतो आणि स्विचला वाटतं ब्रेक दाबलाय. पायाखालच्या मॅटवर प्लॅस्टिकचे बारीक तुकडे दिसले की तेच. दोन बल्बचे ४२ वॅट म्हणजे साडेतीन अ‍ॅम्पियर. ३५ अ‍ॅम्पियर-तासांची बॅटरी रात्रभरात सपाट. गोळा मिळतो. मिळेपर्यंत एक बोल्ट-नट त्या भोकात बसवून काम भागतं.

उलट दोष, म्हणजे ब्रेक लाइट लागतच नाही, जास्त धोक्याचा. तुम्हाला तो कधी कळत नाही, मागच्याला कळतो. रात्री भिंतीला पाठ करून गाडी लावा आणि आरशात बघत ब्रेक दाबा.

वायपर काचेच्या मध्येच थांबतो.

दांडी निर्दोष. वायपरला घरी आणणारा कॉन्टॅक्ट मोटरीच्या आत, तिच्या गिअरच्या झाकणाखाली असतो. तिथे साफसफाई करा.

पावसात काच उघडी राहिली आणि पॉवर विंडोचा स्विच अडकला. काच वर जाते, खाली येत नाही.

पॉवर विंडोच्या मोटरीला दोनच वायरी. स्विच त्यांची अदलाबदल करतो, म्हणून मोटर उलट-सुलट फिरते. एका दिशेला चालते याचा अर्थ मोटर आणि बहुतेक वायरिंग धड आहे. स्विचची एक जोडी कळकली. काढा, उघडा, खोडरबर. बाजूच्या दाराची काच तिच्या स्वतःच्या स्विचवर चालते पण ड्रायव्हरच्या स्विचवर नाही, असं असेल तर ड्रायव्हरचा उघडा.

वाळवायला हेअर ड्रायर चालतो, पण गार हवेवर. एका मित्राने गरम हवेने बटणाची वाटी केली.

स्टीअरिंग वळवलं की हॉर्न आपोआप वाजतो.

हॉर्नचं बटण बहुधा अर्थ जोडतं. स्टीअरिंगखालच्या गोल पट्टीवर घासणारी पितळी जीभ वाकली किंवा तिची वायर सोललेली असली की वळणावर ती बॉडीला टेकते. आत्ता वाजतोय आणि रात्रीचे दोन वाजलेत? हॉर्नचा फ्यूज काढा आणि झोपा.

चावी फिरवली की इंजिन चालू होतं, सोडली की बंद पडतं.

चावीच्या कुलपामागे विजेचा वेगळा स्विच असतो. ‘स्टार्ट’ची जोडी ठीक, ‘ऑन’ची गेली, की असंच होतं. कुलूप न बदलता मागचा स्विच तेवढा बदलता येतो का, ते आधी विचारा. बऱ्याच गाड्यांत येतो. चावीच्या जुडग्याला घराच्या, दुकानाच्या, कपाटाच्या चाव्या लटकवू नका. ते वजन दिवसभर त्या स्विचवर हिंदकळतं.

अ‍ॅम्बॅसडरमध्ये दांडीवर डिपरच नाही!

जुन्या मॉडेलात तो पायाखाली असतो, क्लचच्या डावीकडे. बुटांचा चिखल, मॅटखालचं पाणी, सगळं त्याच्या वाट्याला. दोन स्क्रूंवर निघतो, साफसफाई तीच.

फ्यूज सारखा उडतो. जाड फ्यूज टाकू?

मुळीच नाही. चपट्या फ्यूजमध्ये लाल १० अ‍ॅम्पियरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. निळ्याच्या जागी हिरवा टाकला तर फ्यूज वाचेल आणि वायर जळेल. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेले फ्यूज मी जुन्या गाड्यांत अजून बघतो. तो फ्यूज नाही, वात आहे. फ्यूज लगेच उडत असेल तर वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय. स्टीअरिंगखाली, डिकीच्या बिजागरीपाशी आणि दाराच्या रबरी नळीत आधी शोधा. अर्ध्या-एक तासाने उडत असेल तर फ्यूजचेच चिमटे सैल होऊन तापत असण्याची शक्यता जास्त.

पंधरा वर्षं होत आलीत. आरटीओत दिवे बघतात का?

बघतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्या वेळी गाडी तपासणीला न्यावी लागते. अप्पर, डिपर, चारही इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स, हॉर्न, वायपर हे सगळं आदल्या दिवशी घरीच वाजवून बघा. रांगेत उभं राहून दांडी हलवत बसायची वेळ येऊ नये.

सगळं जोडलं, दिवे लागले. झालं ना?

अजून नाही. स्टीअरिंगखालचं आवरण लगेच बसवू नका. इंजिन चालू ठेवून अप्पर दहा मिनिटं, मग डिपर वीस मिनिटं लावून ठेवा. मग दिवे बंद करून कनेक्टरला आणि स्विचच्या पाठीला बोट लावा. कोमट लागलं तर आवरण बसवा. बोट ठेवता येत नसेल तर बॅटरीचा मायनस काढा आणि परात पुन्हा बाहेर आणा.